दर वर्षीचं गिऱ्हाईक

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या २००६ च्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. हल्ली असे मेळावे गावोगाव होतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, वर्गणी जमते, मंगल कार्यालय ठरतं, फेटे बांधले जातात, शिक्षकांना शाल-श्रीफळ मिळतं आणि मग एकेक जण माईकपाशी येऊन आठवणी सांगतो. त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या माझ्या वाट्याला आल्या. गणिताच्या सरांबद्दल मुलं आदरानं बोलली, मुख्याध्यापकांबद्दल जपून बोलली आणि माझ्याबद्दल हसत हसत. ‘सरांच्या तासाला कधी कंटाळा आला नाही,’ असं तिघा-चौघांनी तरी म्हटलं. मी शाल सावरत ऐकत होतो. मराठीच्या मास्तराला आणखी काय हवं असतं?

मग एक जण माईकवरून म्हणाला, “सर, आपला पाहुणा आठवतोय का?” आणि सगळं कार्यालय खदखदून हसलं. मीही हसलो. हसता हसताच विचारलं, “आहे कुठं तो? आला नाही?”

“आठवीतच शाळा सोडली की त्यानं, सर. नंबर मिळाला होता, ग्रुपमध्ये ॲड केला. दुसऱ्या मिनिटाला लेफ्ट झाला.”

त्यावरही थोडं हसू झालं आणि माईक पुढच्याकडे गेला. जेवताना मी शेजारच्यांना विचारलं, “त्याचं नाव काय रे?” तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं आडनाव सांगायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं ते चुकीचं ठरवलं. तिसरा म्हणाला, “आपण पाहुणाच म्हणायचो की, सर.” पानात जिलेबी वाढली जात होती. मला जाणवलं, की मलाही त्याचं नाव आठवत नाही. दोन वर्षं ज्याला शिकवलं, त्याला आपण ठेवलेलं नाव तेवढं लक्षात होतं.

सुट्टी संपल्यावर ऑफिसात जाऊन जनरल रजिस्टर काढलं आणि त्याचं नाव शोधलं. वडिलांच्या नावासकट, जन्मतारखेसकट ते तिथं होतं. ते मी इथं लिहीत नाही. ज्याचं नाव शाळेत असताना एकदाही धड घेतलं नाही, ते आता लेखापुरतं वापरायचा मला अधिकार नाही.

आमचा तालुका बीड जिल्ह्यातला, ऊसतोड मजुरांचा. दसरा झाला की गावात मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर दिसायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर आधीच घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहायचं आणि पाडव्याच्या मागं-पुढं परत यायचं. ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारं माणूस नाही, त्यांची पोरंही बरोबर जातात. हा मुलगा त्यांतला. जूनमध्ये यायचा, ऑक्टोबरात नाहीसा व्हायचा, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पुन्हा उगवायचा. सातवीत असताना एप्रिलच्या सुरुवातीला एकदा तो वर्गाच्या दारात उभा राहिला. रंग रापलेला, हात पाचटानं कापलेले. “सर, आत येऊ का?” मी धडा थांबवला, दोन पावलं मागं सरकलो, कमरेत वाकलो आणि म्हणालो, “या, या पाहुणे! किती दिवसांचा मुक्काम?”

पासष्ट मुलांचा वर्ग एकदम फुटला. तोही हसला आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसला.

त्या दिवसापासून तो पाहुणा. हजेरी घेताना “पाहुणे आहेत का?” उत्तर आलं नाही तर “जाऊ दे, पाहुण्यांना त्रास देऊ नये.” डब्याच्या सुट्टीत मुलंही त्याला तसंच बोलवायची, मैदानावर तसंच, गावात तसंच. आठवीच्या ऑक्टोबरात तो गेला, तो परत आला नाही.

मनाशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं तर पहिली कबुली द्यायची ती ही, की ते नाव चुकून तोंडातून गेलं नव्हतं. ते सुचलं तेव्हा मला आनंद झाला होता. चांगला शब्द सापडल्यावर मराठीच्या माणसाला होतो, तसला आनंद. घरी जाऊन मी बायकोलाही ते सांगितलं होतं.

दुसरी कबुली जास्त अवघड आहे. तो एकटा नव्हता. मेळाव्यानंतर एका रात्री वही घेऊन बसलो आणि नोकरीला लागलो त्या १९९३ च्या जूनपासून एकेका वर्षापुढं लिहीत गेलो, की त्या वर्षी माझ्या वर्गात चेष्टेचा धनी कोण होता. मुलांच्या भाषेत सांगायचं तर त्या वर्षीचं गिऱ्हाईक कोण. तासाभरात एकोणीस जण आठवले. एकोणीसही टोपणनावं पाठ होती, खरी नावं अकराचीच आठवली. जाडसर अंगाचा एक ‘टेम्पो’, उत्तर देताना डोळे मिटणारा एक ‘समाधी’, वडील बँडमध्ये वाजवायचे म्हणून एक ‘वाजंत्री’. बहुतेक वर्षांपुढं एकच नाव होतं. दुसऱ्याची गरजच पडत नसावी.

ती यादी वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. एकोणीस जणांत संस्थाचालकांच्या घरातलं एकही मूल नव्हतं. डॉक्टरांचं नव्हतं, वकिलाचं नव्हतं, सहकारी शिक्षकाचं नव्हतं. ती मुलं काय कमी वेंधळी होती? पण त्यांचे आईबाप शाळेत आले असते. ज्यांच्या घरचं कोणी जाब विचारायला येणार नाही, त्यांच्यावरच माझा विनोद बरोबर जाऊन पडायचा. हे मी कधी ठरवून केलं नाही, आणि म्हणूनच त्याची लाज जास्त वाटते. ठरवावं लागलं नाही, इतकं ते अंगात मुरलेलं होतं.

हे चालायचं कसं, ते नीट सांगायला हवं, कारण बाहेरून ते फार गोड दिसतं. बी.एड.ला आम्ही सूक्ष्मपाठ घेतले. प्रश्नकौशल्य, स्पष्टीकरण, प्रबलन, चेतक बदल, फलकलेखन, एकेका कौशल्याचा स्वतंत्र सराव. पण जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, वर तापलेले पत्रे, समोर पासष्ट मुलं आणि हातात पस्तीस मिनिटं, हे त्या सूक्ष्मपाठात कुठंच नव्हतं. पहिल्या वर्षी मी ओरडून पाहिलं. डस्टर टेबलावर आपटून पाहिलं. घसा बसला, वर्ग बसेना. मग एक दिवस कोणाला तरी उद्देशून एक टोमणा गेला आणि चमत्कार झाला. पासष्टांपैकी चौसष्ट नजरा एकाकडे वळल्या. गडबड विरली, हशा झाला आणि हशा ओसरल्यावर जी शांतता आली, त्या शांततेत मी वीस मिनिटं शिकवलं. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम.

त्या चौसष्ट जणांना काय वाटत असेल, याचा विचार मी आत्ता करतो आहे. थोडी मजा, पण त्याखाली सुटकाही. आज आपण नाही, तो आहे. त्या सुटकेमुळंच ते माझ्या बाजूला यायचे. सर आपले आहेत असं त्यांना वाटायचं आणि मला वाटायचं, की वर्गाशी आपलं नातं जुळलं. नातं जुळलं होतं, हे खोटं नाही. फक्त त्याची किंमत सगळ्यांनी मिळून एका मुलाकडून वसूल केलेली होती. छडीवाल्या मास्तरांचा मार निदान वाटला तरी जायचा. माझ्या वर्गात तो एकाच्याच वाट्याला यायचा आणि मारणारे पासष्ट असायचे.

यावर मी स्वतःला दिलेली उत्तरं पुष्कळ आहेत. ती वर्षानुवर्षं तयारच होती.

पहिलं उत्तर: तोही हसायचा. खरं आहे, हसायचा. ज्याच्यावर वर्ग हसतो आहे, त्या तेरा वर्षांच्या मुलापुढं मार्ग तरी किती असतात? रडला तर उद्या त्याचं वेगळं नाव पडणार. उलट बोलला तर उर्मट. गप्प राहिला तर ‘राग आला वाटतं पाहुण्यांना’. हसणं हा एकच मार्ग मी त्याच्यासाठी मोकळा ठेवला होता आणि तो त्या मार्गानं गेल्याचं बघून त्यालाच त्याची संमती समजलो.

दुसरं उत्तर: मी कोणावर हात उचलला नाही. याचा तर मला अभिमान होता. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ चं वाचन आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये झालं, तेव्हा दोन-तीन सहकाऱ्यांचे चेहरे पडले होते. वेताची काठी वापरणारे ते. मी मात्र खुर्चीत निवांत रेललो होतो. त्या कलमात शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक त्रासही लिहिला आहे. पूर्णविराम न देता, त्याच वाक्यात. मुख्याध्यापकांनी तेही वाचलं असणार. मला फक्त पहिला अर्धा भाग ऐकू आला, कारण तेवढ्यात मी निर्दोष सुटत होतो. आणि गंमत अशी, की ज्यांना तो पहिला भाग लागू पडत होता, त्यांनी काठ्या टाकल्या. माझ्या यादीत २०१० नंतरचीही नावं आहेत.

तिसरं उत्तर मी वाङ्मयातून आणलं होतं. पु. लं.चे चितळे मास्तर. टोपणनावं ठेवणारे, फिरकी घेणारे, तरीही मुलांच्या मनात आयुष्यभर घर करून राहिलेले. मी स्वतःला त्यांच्या वंशावळीत बसवलं होतं. आमच्या एका स्नेहसंमेलनात तर मुलांनी मला शेलापागोट्यात ‘आधुनिक चितळे मास्तर’ अशी पदवी दिली होती. पण त्या व्यक्तिचित्रात शेवटी वाचकाच्या मनात उरतात त्या मास्तरांच्या झिजलेल्या वहाणा. मुलांच्या दारापर्यंत चालत जाऊन झिजलेल्या. मी चेष्टा तेवढी उचलली, वहाणा तिथंच ठेवल्या. त्या मुलाच्या वस्तीवर मी दोन वर्षांत एकदाही गेलो नाही. शाळेपासून चार किलोमीटरवर होती ती.

साने गुरुजींचंही असंच. दर २४ डिसेंबरला गुरुजींच्या जयंतीचं भाषण माझ्याकडेच असायचं. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते बोलण्याआधी स्वतः झाडून ठेवायचे, त्यांच्यासाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, हे सगळं मी गहिवरून सांगायचो. पुढच्या रांगेतल्या मुलींचे डोळे भरून यायचे. भाषण संपवून वर्गात आलो, की त्या वर्षीचं गिऱ्हाईक माझी वाट बघत असायचं. गुरुजी काय, मी काय, दोघंही अपमानाचे घोट घेत शिकलेलो. त्यांनी ते आपल्यापाशी थांबवलं. मी पुढं वाटलं.

आता हे पुढं वाटणं म्हणजे काय, तेही सांगतो. मी मराठवाड्यातल्याच एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. पाचवीला तालुक्याच्या शाळेत आलो तेव्हा ‘पानी’ म्हणायचो, ‘लोनी’ म्हणायचो, ‘व्हतं’ म्हणायचो. आमचे तेव्हाचे मराठीचे सर मला मुद्दाम उभं करायचे आणि ‘पाणी’ म्हणायला लावायचे. दहादा. वर्ग हसायचा. मीही हसायचो. घरी जाऊन विहिरीच्या कडेला बसून मी ‘ण’ घोटला. जीभ मागं वळवून, पुन्हा पुन्हा. तो जमला तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो. आज वाटतं, मी फक्त बाजू बदलली. पुढं मी मराठीचाच शिक्षक झालो आणि माझ्या वर्गात जे मूल ‘पानी’ म्हणेल, ते माझ्या कानाला लगेच टोचायचं. एक मुलगी होती, आवाज खणखणीत, पहिल्या दोन महिन्यांत प्रकट वाचनाला आपणहून हात वर करायची. मी तिच्या ‘न’ची नक्कल करून दाखवली. दोनदाच. त्यानंतर ती वर्षभर उभी राहिली नाही. वर्षाअखेर मी तिच्या प्रगतिपत्रकात शेरा लिहिला होता: वाचनात सहभाग वाढवावा.

कारण सापडलं म्हणून हिशेब मिटत नाही, हे मला कळतं. जे आपल्याला टोचलं होतं, ते टोचतं हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर निदान अज्ञान तरी म्हणता आलं असतं.

आणि प्रमाण भाषा शिकवायचीच नाही का? शिकवायची. त्या मुलीला पुढं मुलाखतीला बसायचं होतं, अर्ज लिहायचे होते. पण ‘पानी’ चूक नाही, ते तिच्या आईचं बोलणं आहे, आणि पुस्तकातलं ‘पाणी’ हे आणखी एक बोलणं आहे, एवढंच सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी नकलेवर खर्च केलं.

सगळ्यांत जास्त छळते ती पाहुण्याची एक उत्तरपत्रिका. आठवीच्या सहामाहीत निबंध दिला होता, ‘माझा आवडता सण’. पासष्टांपैकी पन्नास जणांनी दिवाळी लिहिली होती. फराळ, किल्ले, आकाशकंदील, सगळं एकसारखं. त्यानं चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यांतली पहिली, दिवाळीत आमी कारखान्यावर असतो. मी ‘आमी’भोवती लाल गोल केला, वर ‘आम्ही’ लिहिलं आणि दहापैकी दोन गुण दिले. बाकीच्या तीन ओळी काय होत्या, ते मला आठवत नाही. बहुधा मी वाचल्याच नाहीत. त्या वर्षी आख्ख्या गठ्ठ्यात एकच निबंध असा होता, जो कुठल्याही निबंधमालेतून उतरवलेला नव्हता, आणि मराठी शिकवायला नेमलेल्या माणसानं त्यातला फक्त ‘ह’ शोधला.

तो माझ्यामुळं शाळेतून गेला का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच पद्धतीनं विचारला. उचल होती, आईची तब्येत होती, घरी सांभाळायला कोणी नव्हतं, आणि आठवीनंतर त्या वस्तीवरची बरीच मुलं गळायचीच. पंचांपुढं बसलो तर मी सहज सुटेन. पण परत यावंसं वाटेल असं काही मी त्याच्यासाठी इथं ठेवलं होतं का, असा प्रश्न विचारला की सुटता येत नाही. सहा महिने बाहेर राहून आलेल्या मुलाला वर्गात पाऊल टाकणं आधीच जड असतं. धडे पुढं गेलेले, जागा बदललेली, मित्र दुसऱ्या बाकावर. त्या दारात मी उभा होतो. ‘आलास का रे, बरं झालं,’ एवढं म्हणायला माझं काही गेलं नसतं.

मेळाव्यानंतर मी ठरवलं, की वर्गात कोणाला नाव ठेवायचं नाही. ठरवणं सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं, की माझ्याजवळ दुसरं काहीच नाही. एकोणतीस वर्षांची नोकरी आणि वर्ग शांत करायचं एकच हत्यार. ते ठेवून दिल्यावर मी पुन्हा १९९३ चा नवशिका झालो. दोन महिने माझ्या वर्गात इतकी गडबड असायची, की शेजारच्या वर्गातल्या मॅडमनी दोनदा डोकावून पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तब्येत बरी आहे ना?” मुलांनाही मी कंटाळवाणा वाटायला लागलो. “सर पूर्वी मजा करायचे म्हणे,” असं एक मुलगी मागच्या बाकावर बोलताना मी ऐकलं. तिच्या थोरल्या भावानं सांगितलं असणार. हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतं आहे याचं जास्त वाईट वाटलं. चांगलं होण्यापेक्षा आवडतं राहण्याचीच मला सवय लागली होती.

मग हळूहळू काही गोष्टी हाताला लागल्या. त्या नव्या नाहीत. कुठल्याही भल्या शिक्षकाला त्या पहिल्यापासून माहीत असतात. गडबड करणाऱ्याचं नाव न घेता शिकवत शिकवत त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं, पुष्कळदा तेवढं पुरतं. जे बोलायचं ते तास संपल्यावर, व्हरांड्यात, एकट्याशी, त्याच्या उंचीला वाकून. वर्गात शिरण्याआधी फळ्यावर काहीतरी काम लिहिलेलं असेल, तर पहिली पाच मिनिटं भांडणात जात नाहीत. प्रकट वाचन आधी शेजाऱ्याशेजाऱ्यांत करून घेतलं, की सगळ्यांसमोर उभं राहताना पाय कापत नाहीत. हजेरी मी क्रमांकानं घ्यायचो, ती नावानं घ्यायला लागलो. तीन मिनिटं जास्त लागतात. गैरहजर राहून आलेल्याला दुसरं काही विचारण्याआधी त्याच्या वहीत काय राहिलं आहे ते बघायचं आणि ती पूर्ण करायला कोणाची वही मिळेल, ते ठरवून द्यायचं.

आणि हसू? वर्गात हसू नसेल तर तो वर्ग कसला? गिजुभाई बधेकांच्या १९३२ च्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि त्याची पुरती फजिती होते. मग तो गोष्टींवर येतो आणि वर्ग त्याचा होतो. ते पुस्तक मी बी.एड.ला असताना वाचलं होतं, पण त्या फजितीचा अर्थ मला साठीच्या उंबरठ्यावर कळला. गोष्टीला बळी लागत नाही. आता मी गोष्टी सांगतो, आणि त्यांत फजिती होणारा माणूस मी स्वतः असतो. विहिरीच्या कडेला बसून ‘ण’ घोटणारा मुलगाही त्यांत आला आहे. ती गोष्ट सांगितली त्या दिवशी वर्ग हसला, आणि तास संपल्यावर एक मुलगा माझ्यामागं स्टाफरूमपर्यंत आला आणि म्हणाला, “सर, मलापन नाही येत ते.”

बदललो, असं म्हणायला जीभ धजत नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. एक मुलगा लागोपाठ तिसऱ्या दिवशी उशिरा आला आणि माझ्या तोंडून गेलं, “या साहेब, गाडी पंक्चर झाली का?” वर्ग हसला. ती जुनी चव तोंडात लगेच परतली. खोटं कशाला बोलू, गोड लागली. तो मुलगाही हसत होता. या वेळी मी त्याच्या हसण्याकडे नीट पाहिलं. तोंड हसत होतं आणि दोन्ही हातांनी त्यानं दप्तराचा पट्टा इतका घट्ट धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तीस वर्षं हे माझ्या समोर होत होतं आणि मी तोंडाच्या खाली कधी पाहिलंच नव्हतं.

मी वर्गासमोर म्हणालो, “आत्ता मी बोललो ते चूक होतं. ते मी परत घेतो.” मुलं बावरली. मास्तरानं माफी मागायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. तो मुलगा दुसऱ्या दिवशीही उशिराच आला. त्याची आई दवाखान्यात होती आणि धाकट्या बहिणीला शाळेत सोडून तो यायचा, हे मला व्हरांड्यात कळलं.

पाहुण्याचा फोन नंबर मेळाव्याच्या दिवशीच एका मुलाकडून मी घेऊन ठेवला होता. तो सव्वादोन वर्षं माझ्या मोबाइलमध्ये होता. रजिस्टरमधलं त्याचं पूर्ण नाव घालून मी तो साठवला होता. लावायला गेलो की काहीतरी आड यायचं. आता सीझन असेल, तो तोडीवर असेल. आता रात्र झाली. आता त्याला उगाच जुन्याची आठवण कशाला? या शेवटच्या कारणावर मी बरेच महिने काढले, कारण ते त्याच्या काळजीसारखं दिसत होतं. जानेवारीतल्या त्या प्रसंगानंतर एका रविवारी फोन लावला.

मी नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग, “बोला सर.” मी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद समोर असूनही वाक्यं मागं-पुढं झाली. तुला मी जे नाव ठेवलं होतं, ते मी ठेवायला नको होतं, त्याबद्दल मला माफ कर, एवढा त्याचा सारांश. तो म्हणाला, “जाऊ द्या सर. लई वर्षं झाली.” मग म्हणाला, “शिकवायचात चांगलं तुम्ही.” या वाक्यानं मला बरं वाटायला हवं होतं.

तू काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, ट्रॅक्टर आहे, कारखान्याला ऊस ओढतो. बायको या वर्षी आली नाही. मुलगी तिसरीला आहे, तिला आता गावीच ठेवतो, आजीपाशी. “शाळा बुडू देत न्हाई तिची. रोज रात्री फोन करतो.”

“अभ्यास विचारतोस का?” मी मास्तरी प्रश्न विचारला.

“अभ्यासाचं मला काय कळतंय सर? मी एकच विचारतो तिला. आज बाईंनी तुला काय म्हणून हाक मारली?”

मी काही बोललो नाही. पलीकडे ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज चालू होता.

“मग? काय सांगते?” मी विचारलं.

“नावानं बोलवतात, सर,” तो म्हणाला. “पूर्ण नावानं.”